पेंडीवरचं तिकीट



गेली काही वर्षं कोणाच्याही मेहेंदीला, बार मिट्झ्वाला किंवा नुसतं एलिंग रोडवर भाजी घेताना कोणी ओळखीचं भेटलं की एक प्रश्न हमखास येतो. "तुमच्याकडचं कोणी ना कोणी दरवर्षी ठाण्याला जातं, कसं काय हो परवडतं? लॉटरी लागली की काय?" आम्ही सांगतो, "लॉटरी नाही, धंद्याच्या क्रेडिट कार्डाचे पॉइंट." मग निम्मे लोक हसतात आणि निम्मे म्हणतात, "एकदा सगळं नीट लिहून द्या ना." म्हणून हा लेख.

आमचा वेम्बलीत छपाईचा छोटा धंदा आहे. आम्ही दोघे भाऊ, दोघांच्या बायका आणि हाताखाली एक माणूस. लग्नपत्रिका, गुजराती गिऱ्हाइकांच्या कंकोत्र्या, हॉटेलांची मेनू कार्डं, दुकानांच्या पाट्या, असलं काम. स्टेडियमवर मॅच असली की रस्ते बंद होतात आणि त्या दिवशी कागदाची गाडीही दारापर्यंत येत नाही. धंदा मोठा नाही, पण चालतो. हा लेख आम्ही चौघांनी एकत्र बसून लिहिला आहे. कारण यात एक भांडणही आहे, आणि ते एकट्यानं सांगितलं तर दुसऱ्यावर अन्याय होईल.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. पॉइंटांवर अख्खं कुटुंब फुकट फिरतं हा गैरसमज आहे. आमच्या वर्षभराच्या पॉइंटांत एका माणसाचं मुंबईला साध्या वर्गातलं जाणं-येणं बसतं, तेही कर आणि इतर आकार वेगळे भरून. कधी कधी थोडे कमीही पडतात. म्हणजे वर्षाला एक माणूस. पण त्या एका माणसाला काय किंमत आहे ते आम्हाला फार उशिरा कळलं.

पॉइंट येतात कुठून?

पॉइंट आकाशातून पडत नाहीत. गिऱ्हाइकानं आपल्या दुकानात कार्ड लावलं की त्या रकमेतला थोडा भाग कापला जातो, आणि त्यातला काही हिस्सा गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. त्याच हिश्शातून बँक आपल्या गिऱ्हाइकाला पॉइंट देते. म्हणजे पॉइंटांचे पैसे शेवटी दुकानदाराच्या गल्ल्यातून जातात. आम्ही दोन्ही बाजूंना आहोत. पत्रिकांचे पैसे कार्डावर घेतो तेव्हा आमचे कापले जातात, आणि कागद कार्डावर घेतो तेव्हा आम्हाला पॉइंट मिळतात.

या देशात पॉइंटांची आवड जुनी आहे. १९८८ साली इथे एअर माइल्सची योजना निघाली, २००२ मध्ये नेक्टर आलं, आणि २०११ च्या नोव्हेंबरात एअर माइल्स आणि ब्रिटिश एअरवेजचे माइल्स या दोन्हींची जागा एव्हिओस या नावानं घेतली. आपल्यातल्या कित्येकांच्या कपाटात अजून एअर माइल्सची जुनी पाकिटं सापडतील.

पण धंद्याच्या कार्डाचं महत्त्व वाढलं ते डिसेंबर २०१५ पासून. त्या वेळी युरोपियन युनियनच्या नियमानं घरगुती कार्डांवर बँकेनं घ्यायच्या या हिश्शाला मर्यादा घातली. डेबिट कार्डावर ०.२ टक्के आणि क्रेडिट कार्डावर ०.३ टक्के. बँकेच्या हाती येणारं कमी झालं, तेव्हा बऱ्याच घरगुती कार्डांचे पॉइंट आटले, काही कार्डं तर बंदच झाली. बिझनेस कार्डांना मात्र ही मर्यादा लागू केली नाही. म्हणून आज तुमच्या घरच्या कार्डापेक्षा धंद्याच्या कार्डावर पॉइंट बरे मिळतात. यात जादू काही नाही, नियमातला फरक आहे.

आमचा हिशोब असा. कागद, शाई, टोनर, कुरिअर, व्हॅनचं डिझेल आणि जाहिराती मिळून महिन्याला साधारण साडेतीन हजार पौंड कार्डावर जातात. वर्षाचे झाले ४२ हजार पौंड. एका पौंडाला एक पॉइंट धरला तर ४२ हजार पॉइंट. एका पॉइंटची किंमत एक पेनी धरा, म्हणजे ४२० पौंड. त्यातून कार्डाची वर्षाची फी समजा दोनशे पौंड वजा करा. हाती राहिले २२० पौंड. एवढंच! जो कोणी याहून मोठी स्वप्नं दाखवील त्याच्यापासून दोन हात लांब राहा.

एक फोन

आता या लेखातला कठीण भाग.

आमचे वडील ठाण्यात असत. नोकरीतून निवृत्त झाल्यावर आई आणि ते दोघंच घरी. ताई लग्न होऊन अश्दोदला गेलेली, आम्ही दोघे इथे. २०१२ च्या उन्हाळ्यात फोनवर ते म्हणाले, "दिवाळीच्या सुमारास या रे, जरा थकल्यासारखं वाटतं." तेव्हा आमच्या खात्यात साठ हजारांवर पॉइंट जमले होते. पण आमच्या डोक्यात एक खूळ होतं. एकदा तरी विमानात पुढच्या मोठ्या सीटवर, पाय पसरून, झोपून जायचं. त्यासाठी आणखी पॉइंट लागत होते. आम्ही म्हटलं, "बाबा, पुढच्या वर्षी येतो, ऐटीत येतो."

२०१३ च्या फेब्रुवारीत पहाटे फोन आला. आपल्यात माती द्यायला उशीर करत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. इथे आम्ही बॅगा भरत होतो तेव्हा तिथे सगळं उरकलं होतं. आम्ही रोख पैसे भरून, मिळेल त्या भावात तिकिटं काढली आणि सात दिवसांपैकी तिसऱ्या दिवशी ठाण्याला पोचलो. आई दारात उभी होती. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

साठ हजार पॉइंट त्या दिवशीही खात्यात तसेच होते. घाईत ते वापरावेत हेही सुचलं नाही. पुढे विमान कंपनीनं दर बदलले, आणि ज्या मोठ्या सीटसाठी ते राखले होते ती आणखी महाग झाली.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांना अंत्यविधीला पोचणं बहुतेक वेळा जमतच नाही. म्हणून जिवंतपणी भेटून घेणं एवढंच आपल्या हातात असतं. पॉइंट कशासाठी जमवायचे, याचं उत्तर आम्हाला त्या दारात मिळालं.

पेंडीसाठी घाणा

तरी शहाणपण लगेच आलं असं नाही. ठाण्याहून परतल्यावर आम्ही उलट्या टोकाला गेलो. आता भरपूर पॉइंट हवेत, लवकर हवेत! एका बँकेचं नवीन बिझनेस कार्ड घेतलं. पहिल्या तीन महिन्यांत अमुक हजार पौंड खर्च केले की मोठा बोनस. आमचा नेहमीचा खर्च तेवढा होत नव्हता, म्हणून आम्ही वर्षभराचा कागद आधीच घेऊन ठेवला. मागच्या खोलीत भिंतीला ओल होती, त्यात तीन पॅलेट कागद वाकला. त्याच सुमाराला दोन मोठ्या गिऱ्हाइकांनी पैसे थकवले. बिल पूर्ण भरता आलं नाही आणि व्याज सुरू झालं.

व्याजाचा हिशोब एकदा नीट समजून घ्या. समजा कार्डाचं व्याज महिन्याला दोन टक्के आहे. पॉइंटांतून तुम्हाला मिळतो एक टक्का, तोही एकदाच. म्हणजे तीन हजार पौंड एक महिना थकले तर साठ पौंड व्याज गेलं, आणि त्या तीन हजारांवरचे पॉइंट मिळाले होते तीस पौंडांचे. एका महिन्याच्या उधारीनं दोन महिन्यांचे पॉइंट खाल्ले. आमची उधारी पाच महिने चालली. त्या बोनसवर मिळालेलं तिकीट आम्हाला बाजारभावाहून महाग पडलं.

तेव्हा आमची ठाण्याची आत्या फोनवर जे म्हणाली ते आम्ही दुकानात लिहून लावलं आहे. आपले पूर्वज कोकणात शनिवार तेली. घाण्यावर तेल गाळायचं, तेल गिऱ्हाइकाला जायचं आणि मागे राहिलेली पेंड गुरांना. आत्या म्हणाली, "अरे, पेंड फुकट मिळते म्हणून कोणी घाणा चालवतं का? तेल निघालं की पेंड आपोआप पडते. ती उचलायची, उकिरड्यावर टाकायची नाही, एवढंच."

पॉइंट म्हणजे पेंड. धंदा म्हणजे तेल. जो खर्च धंद्याला करायचाच आहे तो कार्डावर करा, महिनाअखेर पूर्ण भरा, आणि जे मागे पडेल ते उचला. पॉइंटांसाठी एक पौंडही जास्त खर्चू नका. काही बिझनेस कार्डांवर बिल भरायला ५४ दिवसांपर्यंत मुदत मिळते. तिचा उपयोग गिऱ्हाइकाचे पैसे येईपर्यंत जरूर करा, पण ती उधारी समजू नका. आमच्याकडे आता बँकेतून दर महिन्याला पूर्ण रक्कम आपोआप जाते. विसरायची सोयच ठेवलेली नाही.

पॉइंट कोणाचे?

आता ते भांडण. कार्डाचं मुख्य खातं थोरल्याच्या नावावर होतं, म्हणून सगळे पॉइंट त्याच्याच खात्यात जमत. धाकट्याकडेही त्याच खात्यावरचं जोडकार्ड होतं. कागद तो आणायचा, डिझेल तो भरायचा. २०१६ च्या सुट्टीत थोरल्याची मुलं पॉइंटांवर स्पेनला जाऊन आली. फोटो बघितले तेव्हा धाकट्याच्या बायकोनं सरळ विचारलं, "हे पॉइंट दुकानाचे ना? मग आमची मुलं कुठे आहेत फोटोत?"

थोरल्याला वाटलं, एवढ्याशा गोष्टीचं काय? धाकट्याला वाटलं, एवढीशीच होती तर विचारलं का नाही? दोन महिने दुकानात आम्ही फक्त कामापुरतं बोललो. शाब्बाथचं जेवणही वेगवेगळं झालं. आईला फोनवर कळलं, तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या बाबांना भेटायला ते पॉइंट पुरले नाहीत, भांडायला बरे पुरले."

शेवटी अकाउंटंटनं आम्हाला समोरासमोर बसवलं आणि एक गोष्ट समजावली जी इथे धंदा करणाऱ्या प्रत्येकानं ऐकावी. तुमचा धंदा लिमिटेड कंपनी असेल तर कंपनी वेगळी आणि तुम्ही वेगळे. स्वतःच्या कार्डावर कंपनीचा खर्च करून तो कंपनीकडून परत घेतलात, आणि पॉइंट इतर कोणाही गिऱ्हाइकाला मिळतात तसेच तुम्हाला मिळाले, तर एचएमआरसी साधारणपणे त्यावर कर मागत नाही. पण पॉइंट कंपनीच्या मालकीचे असतील आणि कंपनीनं ते डायरेक्टरला किंवा नोकराला दिले, तर तो लाभ समजून त्यावर कर लागू शकतो. तुमचं कार्ड कोणत्या प्रकारात बसतं ते अकाउंटंटला विचारा आणि उत्तर लिहून घ्या. तसंच घरचा किराणा, मुलांचे बूट असले खर्च कंपनीच्या कार्डावर करू नका. ते तुमच्या नावे कंपनीचं कर्ज म्हणून लागतं आणि वर्षाअखेर डोकेदुखी होते.

त्यानंतर आम्ही एक वही घातली. साधी शाळेची वही. तिच्यात चार नियम लिहिले आणि चौघांनी सह्या केल्या.

पहिला, वर्षाच्या पॉइंटांतलं पहिलं तिकीट आईला भेटायला जाणाऱ्याचं. दुसरा, जाण्याचा नंबर आळीपाळीनं, एक वर्ष थोरल्याचं घर, एक वर्ष धाकट्याचं. तिसरा, एका तिकिटापुरते पॉइंट नेहमी शिल्लक ठेवायचे, अचानक जावं लागलं तर. चौथा, त्याहून जास्त साठवायचं नाही.

वही आज नऊ-दहा वर्षांची झाली. पानं सुटायला आली आहेत, पण नियम मोडलेला नाही.

कार्ड घेण्यापूर्वी बघायच्या गोष्टी

कोणतं कार्ड घ्यावं हे आम्ही सांगणार नाही, कारण अटी सतत बदलतात. काय बघावं ते सांगतो.

तुमचे व्यापारी कार्ड घेतात का? अमेरिकन एक्सप्रेसचे पॉइंट चांगले असतात आणि त्यांच्या मेंबरशिप रिवॉर्ड्सचे एव्हिओस करता येतात, पण बरेच छोटे व्यापारी ते कार्ड घेत नाहीत. ज्याचा खर्च मुख्यतः अशा छोट्या लोकांकडे होतो त्यानं व्हिसा किंवा मास्टरकार्ड बघावं.

जादा आकार लावतात का? १३ जानेवारी २०१८ पासून घरगुती कार्डावर जादा आकार लावायला बंदी आहे, पण बिझनेस कार्डावर व्यापारी आपल्याला येणाऱ्या खर्चाइतका आकार लावू शकतो. कागदवाल्यानं दोन टक्के लावले आणि पॉइंटांतून मिळाला एक टक्का, तर सरळ बँकेतून पैसे भरा. व्हॅट किंवा इतर कराचंही तेच. त्याच तारखेपासून एचएमआरसी घरगुती क्रेडिट कार्ड घेत नाही. बिझनेस क्रेडिट कार्ड घेतं, पण वर फी लावतं आणि ती परत मिळत नाही. आम्ही व्हॅट बँकेतूनच भरतो.

जामीन कोण? लिमिटेड कंपनीला कार्ड देताना कितीतरी ठिकाणी डायरेक्टरची वैयक्तिक हमी मागतात. म्हणजे कंपनी बुडाली तरी देणं तुमच्या घरापर्यंत येऊ शकतं. बारीक अक्षरं वाचा. चष्मा लागला तर लावा.

विमान कंपनी बुडाली तर? घरगुती क्रेडिट कार्डावर १९७४ च्या कंझ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टच्या कलम ७५ प्रमाणे, शंभर पौंडांहून जास्त आणि तीस हजार पौंडांपर्यंत किमतीच्या खरेदीला संरक्षण असतं. लिमिटेड कंपनीच्या नावावरच्या कार्डाला हे कलम लागू नाही. म्हणून घरच्या प्रवासाची रोख तिकिटं आम्ही घरच्याच क्रेडिट कार्डावर काढतो. तिथे दोन पॉइंट कमी मिळाले तरी चालतील.

आणि घरात सेन्सबरीजमधून किराणा येत असेल तर नेक्टर कार्ड विसरू नका. २०२१ पासून नेक्टरचे पॉइंट एव्हिओसमध्ये बदलता येऊ लागले, ४०० ला २५० या हिशोबानं. दरवर्षी कमी पडणारे थोडे एव्हिओस आमच्या बायका यातून भरून काढतात, आणि तसं ऐकवतातही.

तिकीट काढताना

ब्रिटिश एअरवेज पॉइंटांची तिकिटं प्रवासाच्या ३५५ दिवस आधी उघडतं. शाळांच्या सुट्टीतली तिकिटं लगेच उडतात. आपल्याला आणखी एक काळजी असते. पेसाख, रोश हाशाना, सुक्कोथ यांच्या तारखा इंग्रजी कॅलेंडरावर दरवर्षी सरकतात. म्हणून पुढच्या वर्षीचं लुआख आधी मिळवा आणि मगच तारखा ठरवा. एका वर्षी आम्ही परतीचं तिकीट सुक्कोथच्या पहिल्याच दिवशीचं काढलं होतं. आईनं फोनवर सांगितलं तेव्हा लक्षात आलं. बरं झालं की पॉइंटांचं होतं. चोवीस तासांहून आधी रद्द केलं तर थोडी फी कापून पॉइंट परत मिळतात. रोखीच्या स्वस्त तिकिटात हे सुख नाही.

कोशेर जेवण हवं असेल तर तिकिटाबरोबरच नोंदवा आणि आठवडाभर आधी पुन्हा खात्री करा.

कर वेगळा भरावा लागतो हे वर लिहिलंच. त्यातला एक मोठा भाग एअर पॅसेंजर ड्युटी. ही १९९४ पासून आहे आणि अंतरावर ठरते. भारत आणि इस्रायल दोन्ही एकाच गटात, दोन हजार मैलांच्या पलीकडच्या गटात येतात. २०२५-२६ साली या गटासाठी साध्या वर्गाला माणशी ९० पौंड होते. पण मार्च २०१६ पासून साध्या वर्गात सोळा वर्षांखालच्या मुलांना ही ड्युटी माफ आहे. मुलं लहान आहेत तोवर न्या. मोठी झाली की तिकीट महागतं आणि त्यांना वेळही नसतो.

एका पत्त्यावर राहणाऱ्या सात जणांपर्यंतचे एव्हिओस घरखात्यात एकत्र करता येतात. फक्त ध्यानात ठेवा, घरखातं काढलं की बाहेरच्या नातेवाईकाचं तिकीट काढण्यासाठी त्याचं नाव आधी यादीत घालावं लागतं. आणि ज्यांच्या हातात अजून एक्झिक्युटिव्ह क्लबचं कार्ड आहे त्यांनी गोंधळू नये, एप्रिल २०२५ पासून त्या क्लबचं नाव फक्त ब्रिटिश एअरवेज क्लब झालं आहे. छत्तीस महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर एव्हिओस जातात. वर्षातून एकदा तरी काही जमा किंवा खर्च करा.

साठवू नका असं आम्ही का म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. विमान कंपन्यांचा भरवसा नाही. जेट एअरवेज लंडन–मुंबई जात असे. १७ एप्रिल २०१९ ला तिची विमानं थांबली. पॉइंटांची योजना पुढे वेगळ्या नावानं चालली, पण ज्या विमानासाठी लोकांनी ते जमवले ते विमानच राहिलं नाही. व्हर्जिन अटलांटिकनं २०१९ मध्ये तेल अवीवची सेवा सुरू केली, ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबवली, आणि २०२५ मध्ये ती परत सुरू करणार नाही असं सांगून टाकलं. ऑक्टोबर २०२३ नंतर इतर कंपन्यांच्याही तेल अवीवच्या फेऱ्या किती वेळा बंद पडल्या आणि चालू झाल्या ते ज्यांची माणसं तिकडे आहेत त्यांना सांगायला नको. म्हणून जमलं तर पॉइंट कार्डाच्या खात्यातच राहू द्या आणि तिकीट दिसलं की मगच विमान कंपनीकडे वळवा. एकदा वळवले की परत येत नाहीत. इस्रायलला जाणाऱ्या ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना १ जानेवारी २०२५ पासून आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते, तेही विसरू नका.

वहीचा तिसरा नियम

२०२२ च्या नोव्हेंबरात आई न्हाणीघरात पडली. शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा इथे रात्र होती. खुब्याचं हाड मोडलं होतं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. धाकट्यानं बसल्या जागी तिकीट शोधलं. रोखीचे भाव डोळे फिरवणारे होते, पण पॉइंटांवर एक सीट दिसली आणि वहीच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे एका तिकिटाचे पॉइंट खात्यात होते. त्यानं एक बॅग उचलली, अल्पर्टनहून पिकॅडिली लाइन धरली, अ‍ॅक्टन टाउनला बदलली आणि हीथ्रो गाठलं. आई भूल उतरून डोळे उघडत होती तेव्हा तो खाटेजवळ होता.

नंबर खरं तर थोरल्याचा होता. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. वहीत नुसतं लिहिलं, "धाकटा गेला, आईसाठी."

पुढच्या हिवाळ्यात आई काठी घेऊन चालायला लागली आणि म्हणाली, नवगावला जाऊन यायचं आहे. ताई अश्दोदहून आली, तिचं तिकीट तिनं काढलं. इकडून थोरला आणि वहिनी गेले, एक तिकीट पॉइंटांचं, एक रोखीचं. भाऊच्या धक्क्यावरून मोठ्या बोटीनं गाडीसकट मांडव्याला उतरले, म्हणजे आईला गाडीतून चढ-उतार नको. नवगावला समुद्राच्या वाऱ्यात आई बराच वेळ उभी राहिली, मग अलिबागला नारळपाणी प्यायली आणि म्हणाली, "तुमचे बाबा असते तर म्हणाले असते, उन्हात कशाला उभी राहतेस."

आई आज त्र्याऐंशी वर्षांची आहे. अजून फोनवर पहिला प्रश्न तोच, "यंदा कोणाचा नंबर?"

वाचकहो, २२० पौंडांच्या फायद्यासाठी एवढा लांब लेख, असं कोणी म्हणेल. पण तिकीट ही नुसती पैशाची गोष्ट नसते. धंद्याच्या माणसाला नेहमीच वाटतं की यंदा काम जास्त आहे, पुढच्या वर्षी जाऊ. खात्यात जे पॉइंट पडले आहेत ते एक प्रकारची आठवण करून देतात. ते तुम्ही आधीच कमावलेले आहेत आणि ठेवून वाढत नाहीत. तेव्हा आज रात्री एक काम करा. आपलं खातं उघडून किती पॉइंट आहेत ते बघा, आणि मग ठाण्याला, पनवेलला, अश्दोदला किंवा दिमोनाला, जिथे कोणी वाट बघत असेल तिथे फोन लावा. तारीख त्यांनाच विचारा.

कोणाला वहीचे नियम हवे असतील तर दुकानात या. उतरवून देऊ. छपाईचे पैसे घेणार नाही!